कातळावरचा मान

चपला राहाटीच्या बाहेरच काढायच्या, असं गावचे मानकरी काशीराम गावकरांनी सांगितलं तेव्हा अभयरावांनी मोजेही काढले. राहाटी म्हणजे देवीचं राखलेलं रान, तिथले नियम कडक. आत मोठ्यानं बोलायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, आणि कातळावर बसण्याआधी पाय धुवायचे. सदू सुतारानं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांच्याकडे न बघताच तो मागं सरला. सणाच्या गडबडीत दमला असेल बिचारा, असं अभयरावांना वाटलं.

"बसा," काशीराम म्हणाले. "आज कातळ तुमचा."

अभयराव बसले आणि त्यांचा ऊर भरून आला. आयुष्यभर मुंबईच्या कोर्टात ते न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसले होते, पण ती खुर्ची सरकारची. हा दगड आपल्या माणसांनी दिलेला.

दुधाचे दात पडायच्या आत त्यांचं गाव सुटलं होतं. निवृत्त झाल्यावर ते परतले ते आईसाठी. येसूबाईंनी अंथरूण धरलं होतं. यंदाच्या शिमग्यात पावणाईची पालखी आपल्या दारात यावी आणि आपल्या हातानं देवीची ओटी भरावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. पुढच्या शिमग्याचं वचन द्यायला राजापूरचे डॉक्टरही तयार नव्हते. म्हणून अभयरावांनी चिऱ्याचं घर घाईघाईनं उभं केलं. मला काही विचारत बसू नका, शिमग्याआधी दार उभं दिसलं पाहिजे, असं त्यांनी गवंड्याला सांगितलं, सुतारालाही सांगितलं. सगळं गाव मदतीला आलं. कोणी पाणी दिलं, कोणी चिरे वाहिले, कोणी आईसाठी पेज पाठवली. हे उपकार फेडायचे कसे, या विचारात असतानाच काल काशीराम निरोप घेऊन आले होते, की उद्या राहाटीतल्या कातळावर बसून गावाचा निवाडा तुम्ही करायचा.

मंडळी जमेपर्यंत अभयरावांनी आपला आवडता विषय काढलाच. मध्ययुगात विलायतेत मैलोन्‌मैल रानं राजाची असत. ओक तोडला की गुन्हा, हरीण मारलं की गुन्हा. एका राजाच्या अमलात तर हरणापायी माणसाचे डोळे काढत. दर काही वर्षांनी राजाचे न्यायाधीश फिरत यायचे, गावोगावचे साक्षीदार उभे करायचे आणि दंड ठोकायचे. अभयराव रंगून सांगत होते आणि गाव मान डोलवत होतं.

"आणि त्या न्यायाधीशाच्याच हातून गुन्हा घडला तर?" काशीरामांची सून राही हिनं विचारलं. ती गावची सरपंच.

अभयराव हसले. तसं काही आपल्या वाचनात नाही म्हणाले.

मग काशीरामांनी हकिकत मांडली. राहाटीतलं किंजळाचं जुनं झाड कोणीतरी तोडलं होतं. तोडणाऱ्यानं आपण होऊन कबुली दिली होती. लाकूड दुसऱ्याच्या घरासाठी होतं, आणि त्या घरवाल्यानं ते आणलं कुठून हे विचारलंच नव्हतं. नावं मात्र कातळावर उच्चारायची नाहीत, ही इथली रीत. अभयरावांना ती फारच आवडली. नाव नाही म्हणजे भीड नाही.

"गुन्हा कोनाचा धराचा?" काशीरामांनी विचारलं. "तोडनाऱ्याचा, का ज्याच्यासाठी तोडला त्याचा?"

"ज्याच्या घरात लाकूड लागलं त्याचा. विचारणं त्याचं काम होतं. पोटासाठी कुऱ्हाड धरणाऱ्याला सोडा."

सदूनं टॉवेलनं डोळे पुसले. किती मऊ मनाची माणसं, असं अभयरावांना वाटलं.

"आनि लाकूड?"

"देवीचं देवीला परत. त्याचं काहीही केलेलं असो, आजच्या आज काढून आणायचं."

राहिली पालखी. राहाटीचं लाकूड ज्या घरात गेलं, त्या दारात त्या वर्षी पालखी जात नसे. हा नियम मोडायचा अधिकार फक्त कातळावर बसलेल्याला. सगळे अभयरावांकडे बघत राहिले. कोर्टात ते कडक म्हणून नावाजलेले होते, आणि नियम म्हणजे नियम हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलंही होतं.

पण त्यांना आई आठवली. कातळावर बसायचा मान मिळाला, हे काल ऐकून येसूबाईंनी अभयरावांना जवळ बसवून घेतलं होतं. मग त्यांचा हात घट्ट धरून म्हणाल्या होत्या, "ज्याचा गुन्हा असेल त्याच्या घरीही आई असेल, येवढं ध्यानात ठेव." आज सकाळी त्यांनी आपली खुर्ची दाराशी मांडून घेतली. नव्या उंबरठ्याला हळदकुंकू मात्र कोणाला लावू दिलं नाही. तू जाऊन ये, मग बघू, म्हणाल्या.

"पालखी जाऊ दे त्याच्या दारात," अभयराव म्हणाले. "घरात कोणी म्हातारं माणूस वाट बघत असेल. ह्याच्या चुकीची शिक्षा त्याला नको."

राहाटीत जमलेल्या सगळ्यांनी एकदम हात जोडले. सदू तर त्यांच्या पायाशी वाकला आणि घाईनं निघून गेला. काशीरामांनी हाताला धरून अभयरावांना उठवलं. गावाचं थोडं तरी देणं आज फिटलं, असं अभयरावांना वाटलं.

"एवढा मान मला कोणी दिला नव्हता," ते म्हणाले. "माझ्याआधी इथं कोण बसलं होतं?"

"माजा बापूस. राहाटीतल्या फनसाची फांदी तोडलेली त्यानं."

अभयराव थबकले. काशीरामांनी त्यांच्या कपाळाला देवीचा अंगारा लावला.

"चला, भाऊ. सदू पटाशी घेऊन पुढं गेलाय. पालखी दारात पोचायच्या आत तुमचा उंबरठा निघंल."