जोडीची कसोटी

१९४६ साल. कोरेगावच्या दवाखान्यात बारा रोग्यांचं नव्या औषधाआधीचं आणि नंतरचं रक्त तपासून झालं. माणसं तीच, म्हणून डॉ. भूपाल यांनी आकड्यांना जोडीची कसोटी लावली, म्हणजे प्रत्येकाचा नंतरचा आकडा त्याच्याच आधीच्या आकड्याशी ताडून पाहिला. निकाल इतका चांगला आला की त्यांनाच धास्ती वाटली. दुपारच्या टपालानं अहवाल गेला, की औषध तालुकाभर वाटलं जाणार होतं. सगळ्यात जास्त सुधारलेल्या रोग्याला त्यांनी व्हरांड्यातून आत बोलावलं.

"नाथाजी, महिन्यापूर्वी तुला उभंही राहवत नव्हतं ना?"

"मी जोतीराम, त्येचा धाकला भाऊ. नाथाजी औषध सुरू झाल्यावर आठव्या दिवशीच वारला, सायेब."

"मग रक्त तू का दिलंस?"

"बोलावणं त्येच्या नावानं आलं. सख्ख्या भावाचं रगत एकच न्हवं का? आमी सात जण तसंच आलोय."