मातीच्या भांड्याची ओवी

नदीकाठी दहाव्याचं कीर्तन संपलं. "मातीचं हे भांडं, किती दिस टिकावं, फुटलं तर त्याला कशाला रडावं." ही स्वतः रचलेली ओवी अनसूयाबाई वीस वर्षं अशा प्रसंगी गात आल्या होत्या. लोक डोळे पुसत उठून गेले.

मागे राहिली ती गेलेल्या मुलीची आई, मंदा. तिची बारा वर्षांची लेक तापाने गेली होती.

"बाई, एक विचारू? रोज सकाळी मी तिची वेणी घालायचे. ती सारखी हलायची, मी रागवायचे. ते सगळं भांड्याचंच होतं का?"

देह नाशवंत, माया खोटी, हे उत्तर अनसूयाबाईंना तोंडपाठ होतं. पण त्या आईकडे बघून ते त्यांना बोलवेना. वीणा बाजूला ठेवून त्या तिच्याशेजारी घाटाच्या पायरीवर टेकल्या.

"केस लांब होते का गं तिचे?"

"कमरेपर्यंत. पण विंचरू द्यायची नाही नीट." मंदा बोलू लागली आणि उन्हं उतरेपर्यंत बोलत राहिली. मग थांबून तिने विचारलं, "तुम्हाला मूलबाळ?"

"होता एक. अडीच वर्षांचा. तो गेल्यावरच ही ओवी रचली मी. रडू येऊ नये म्हणून."

"नाव काय त्याचं?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"श्रीधर," त्या म्हणाल्या, आणि मंदाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागल्या.