फोरमवरचा मदतनीस

जुन्या पुस्तकांच्या फोटोंवरून मजकूर उतरवून देणारा प्रोग्रॅम त्र्यंबकरावांच्या डोंबिवलीच्या घरातल्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर काही केल्या बसेना. त्यांनी ठाण्याला मुलाला, अद्वयला, फोन केला.

"बाबा, तुम्हाला नाही जमायचं ते. सोडा ना," म्हणत अद्वयने काय अडलंय ते न ऐकताच फोन ठेवला.

मग त्यांनी एका मराठी फोरमवर विचारलं. लाज वाटली म्हणून नाव दिलं नाही. स्क्रीनवरची एरर चिकटवताना तिच्यात आलेलं स्वतःचं नावही खोडलं. दहा मिनिटांत कुणीतरी उत्तर दिलं. "सर, प्रोग्रॅम एका रिपॉझिटरीतून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या साठ्यातून, आलाय आणि त्याची मराठीची फाइल दुसरीतून. व्हर्जन जुळत नाहीयेत. घाबरू नका, एकेक करत जाऊ."

तासभर तो माणूस न कंटाळता समजावत राहिला. शेवटी त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर चालवलेली कमांड जशीच्या तशी चिकटवली. ओळीच्या सुरुवातीला त्याचं नाव आणि लॅपटॉपला दिलेलं नाव आलं होतं. अद्वय, चित्रा. चित्रा म्हणजे अद्वयची आई. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

प्रोग्रॅम सुरू झाला. "आभारी आहे, सर," एवढंच त्र्यंबकरावांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अद्वयचा फोन आला. "काय बाबा, झालं का ते तुमचं इन्स्टॉल?"

"नाही रे. सोडून दिलं."

"मी म्हटलेलं ना!"

फोन ठेवून त्र्यंबकराव फोरमवर गेले आणि काहीच अडलेलं नसताना त्यांनी नवा प्रश्न टाकला.