राहीबाईच्या गाईचा घास

"गुरं सड्यावरून चरून येऊ द्या, डॉक्टर," येसाजी म्हणाला. "आमच्यातल्याच एखादीचा घास काढू."

"तोवर तुमचा बैल थांबणार नाही."

चांद्या अंगणात मान टाकून बसला होता. खुराची जखम चिघळली, म्हणून मुलाने मुंबईहून कॅप्सूल पाठवल्या. येसाजीने त्या गुळातून चारल्या. जखम भरली, पण चांद्याने रवंथ करणं सोडलं. तो गेला तर लावणीला नांगर उभाच राहणार होता.

पोलादपूरहून कुडपणचा घाट चढून आलेल्या तरुण डॉक्टरांनी त्याच्या डाव्या कुशीवर मूठ रोवून पाहिली. आत काहीच हलत नव्हतं. चारा पचवणारे पोटातले जंतूच त्या औषधाने मेले होते. धडधाकट गुराच्या तोंडातला रवंथाचा घास पोटात गेला, तर त्याबरोबर नवे जंतू जातील.

"वाचलंय मी," डॉक्टर चाचरत म्हणाले. "करून पाहिलेलं नाही."

त्या वेळी गावात घरी बांधलेली एकच गाय होती, नुकतीच व्यालेली. ती बौद्धवाडीतल्या राहीबाईची. राहीबाई आजवर येसाजीच्या कुंपणाबाहेरूनच बोलत आली होती. येसाजीने बैलाकडे पाहिलं आणि स्वतःच तिला बोलवायला गेला.

गाय-वासरू घेऊन ती अंगणात शिरली.

"उष्टा घास हाय हां, तात्या. मागनं बैल बाटवला म्हनू नका."

"नाय म्हनत. तू काढ गो."

पण परक्या अंगणात गाय रवंथ करीना. राहीबाई तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत बसली. अखेर गाईच्या गळ्यातून गोळा सरकत वर आला. राहीबाईने चटकन तोंडात हात घातला आणि हिरवा, वाफाळता घास बाहेर काढला. डॉक्टरांनी तो कोमट पाण्यात कालवून बांबूच्या नळ्याने चांद्याला पाजला. पुन्हा घास, पुन्हा नळा.

उन्हं कलली. येसाजीची मूठ बैलाच्या कुशीवरच होती. एकाएकी ती आतून ढकलली गेली.

"हाललं! डॉक्टर, हाललं!"

डॉक्टरांनी धावत येऊन मूठ लावली. त्यांना हसू आवरेना. चांद्याच्या गळ्यातून गोळा वर आला आणि तो चघळू लागला.

येसाजीची बायको ठकूबाई लगबगीने तांब्याभर गोमूत्र घेऊन आली. "जगला बाई. आता त्याचं तोंड धुऊन घेते."

"धुऊ नका," डॉक्टर म्हणाले. "औषध अजून त्या तोंडातच आहे."

ठकूबाई थबकली. राहीबाई लाळेने माखलेले हात घेऊन तशीच उभी होती. येसाजीने तांब्या घेतला, गोमूत्र माडाच्या आळ्यात ओतलं, तांब्या विसळून पाण्याने भरला आणि राहीबाईच्या हातात दिला. वरून धार धरली नाही.

राहीबाईने हात धुतले नाहीत. तिने तांब्या सरळ तोंडाला लावला, घटाघटा रिकामा केला आणि ठकूबाईपुढे धरला.

ठकूबाईने तांब्याकडे पाहिलं. मग चघळणाऱ्या चांद्याकडे पाहिलं.

"हात राह्यलं ना गो धुवायचं," तांब्या घेत ती म्हणाली. "थांब, अजून आणते."