मधल्या ड्रमचा रंग

बाबुरावकाकांचा बेंजो पार्टीतला जुना ड्रमसेट रंगवायला घेतला आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या मुलीच्या, दिव्याच्या हळदीत तोच वाजला पाहिजे, हा काकांचा हट्ट.

बाकीचे ड्रम एका दिवसात लालभडक झाले. मधल्या ड्रमवर मात्र एकाच जागी तळहाताएवढा रंग रोज पुसलेला. पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला, रंगाचे तीन हात दिले. ड्रम ठेवलेल्या गॅलरीला कुलूप लावलं, तरी तेच.

"तू हात लावतेस का?" मी बायकोवर खेकसलो.

"मला तेवढाच उद्योग आहे," आशा म्हणाली.

काका पलंगावरून हसले. "तिथं माझा डावा गुडघा टेकायचा. चाळीस वर्सं. तिथं रंग टिकत न्हाय."

"आता कुठला गुडघा, काका?" मी वैतागून बोलून गेलो. शुगरमुळे त्यांचा डावा पाय मांडीतून कापला, त्याला दोन वर्षं झाली.

मला वाईट वाटलं. चौथा हात दिला, कुलूप लावलं आणि संध्याकाळी त्यांची चादर बदलायला गेलो.

पांघरूण काढलं. मांडी संपते तिथून वीतभर खाली, रिकाम्या चादरीवर गोल लाल डाग होता. ओला.

"पूस रं जरा," काका कुरकुरले. "गुडघा चिकट लागतोय."