एकशे बारावे पान

दोनशे पानांच्या वार्षिक अहवालावर साहेब न वाचताच सही ठोकतात, याविषयी टंकलेखिका बाईंना तिळमात्र शंका नव्हती. बढतीची शिफारस साहेबांच्याच हाती असूनही, शेजारच्या लेखनिकाशी पैज लावून बाईंनी एकशे बाराव्या पानावर ओळ घातली: ‘साहेब हा अहवाल वाचत नाहीत.’

“बाई, विषाची परीक्षा कशाला?”

“तिथवर पोचतंय कोण!”

ओळ उठून दिसावी म्हणून बाईंनी तिला शीर्षकाची स्टाइल दिली. संगणकाने मग शिरस्त्याप्रमाणे सगळी शीर्षके वेचून पहिल्याच पानावर अनुक्रमणिका मांडली.

 

साहेबांनी फाइल परत सरकवली. “बढतीचं पुढच्या वर्षी पाहू, बाई. आणि ते एकोणिसावं शीर्षक दुरुस्त करा. अनुक्रमणिका तेवढी मी वाचतो.”