मंत्र्यांचा चमचा

केतकीनं मनगटावरचा सरकारी पट्टा काढून ठेवला, पण धाकधूक काही जाईना. काल दिवसभरातली तिच्या मनाची कालवाकालव आणि हातांची हालचाल त्या पट्ट्यातून दिल्लीत व्यापारमंत्र्यांनी अनुभवली होती. आयातशुल्क लावण्याआधी, ज्याला त्याची झळ बसणार त्याचा एक दिवस मंत्र्यानं जगायचा, असा कायदाच होता.

"त्यांना काय कळणार लेकराचं?" सासूबाई म्हणाल्या. "आणि शुल्क लागलं तर आपल्याच डेअऱ्या तरतील की गं."

"तरू देत हो, आई. पण निहिराला गाईचं दूध पचत नाही. तिला चालणारी ही परदेशी पावडर दुप्पट महागली तर?"

बोलता बोलता तिनं चमचा भरला, डब्याच्या काठावर घासून सपाट केला आणि हलकेच दोनदा ठोकला. एक कणसुद्धा सांडायचा नाही.

टीव्हीवर मंत्री निर्णय सांगायला बसले होते. आधी त्यांनी चहासाठी साखर घेतली. चमचा भांड्याच्या काठावर घासून सपाट केला, हलकेच दोनदा ठोकला आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले.

"अगंबाई! हा तर तुझाच हात!" सासूबाई म्हणाल्या.

'बाळांच्या पावडरीवर शुल्क नाही,' असं मंत्री मागाहून बोलले. केतकी तोवर निहिराला मांडीवर घेऊन निवांत बाटलीनं पाजत बसली होती.